गवताळ उतारावरची क्रिस्टिना: एका चित्राचं प्रकरण

पहिल्या नजरेत दिसते ती एक तरुण मुलगी. फिकट गुलाबी झगा, कंबरेला काळा पट्टा, मानेवर सैल सुटलेले काळे केस. वाळक्या गवताच्या लांबलचक उतारावर ती आपल्याकडे पाठ करून बसली आहे आणि वर, दूर, टेकाडावरच्या करड्या लाकडी घराकडे बघते आहे. फिरायला आली असेल, घटकाभर टेकली असेल, असंच वाटतं. मग नजर हातांवर जाते. दंडांवर मांस नाही. कोपरं टोकदार. बोटं आखडून जमिनीला भिडलेली. पायही मजेत बसलेल्या माणसाचे नाहीत, ते एका बाजूला नुसते पडले आहेत. तेव्हा लक्षात येतं की ही बसलेली नाही, निघालेली आहे. तिच्यात आणि घरात जेवढं गवत आहे, तेवढं सगळं तिला हातांच्या जोरावर पार करायचं आहे.

अँड्र्यू वायेथ या अमेरिकन चित्रकारानं १९४८ साली केलेल्या ‘क्रिस्टिनाज वर्ल्ड’ या चित्राचं हे प्रकरण. वायेथ २००९ पर्यंत जगला आणि अखेरपर्यंत वास्तववादीच राहिला. गवताचं पातं न् पातं काढणारा, भिंतीचा पोपडा आणि खिडकीचा गंजलेला खिळाही न सोडणारा. तरी त्याची चित्रं पाहणाऱ्याला स्वप्नात शिरल्यासारखं वाटतं. हे कसं होतं, हा माझा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे. चित्रातली बाई खरी होती, तिला नाव होतं, घर होतं, आजार होता. तिच्या रोजच्या कष्टाचं स्वप्न करताना चित्रकारानं तिच्याशी न्यायानं वागला का?

स्त्री आणि निसर्ग हा चित्रकलेतला फार वापरलेला विषय. आपल्याकडे राजा रविवर्मा यांच्या छापखान्यानं, जो १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, तळ्याकाठच्या आणि झाडाखालच्या नायिका घराघरात पोचवल्या. त्या चित्रांवर माझं प्रेम आहे, पण तिथला निसर्ग बहुतेक वेळा मागचा पडदा असतो. नायिका पुढे, देखावा मागे. वायेथच्या चित्रात निसर्ग म्हणजे अंतर आहे. ते अंतर काढून टाकलं तर चित्रात सांगण्यासारखं काही उरतच नाही.

आधी तिच्याबद्दल. ॲना क्रिस्टिना ओल्सनचा जन्म १८९३ सालचा. गाव कुशिंग, अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन राज्यातलं, समुद्रकाठचं. आईकडचं घराणं हॅथॉर्न, जुन्या दर्यावर्दी लोकांचं. वडील स्वीडनहून आलेले खलाशी. घर अठराव्या शतकात बांधलेलं, १८७१ मध्ये वरचा भाग वाढवून उंच केलेलं, समुद्राच्या वाऱ्यानं लाकूड करडं पडलेलं. लहानपणापासूनच तिच्या चालण्यात दोष होता. वय वाढत गेलं तसे पायांतले आणि मग हातांतले स्नायू झिजत गेले. तरुणपणी डॉक्टरांना दाखवूनही निदान काही झालं नाही. पुढे उभं राहणंच बंद झालं, पण चाकाची खुर्ची तिनं कधी घेतली नाही. घरात ती साधी खुर्ची सरकवत सरकवत फिरायची आणि बाहेर हातांवर शरीर ओढत जायची. भाऊ आल्वारो मासेमारी सोडून घरीच राहिला. शेत, ब्लूबेरीची तोडणी आणि बहीण, हाच त्याचा दिनक्रम. दोघांनीही लग्न केलं नाही.

वायेथ तिथला नव्हे. तो पेनसिल्व्हेनियातल्या चॅड्स फोर्डचा, जन्म १९१७ चा. उन्हाळ्यात मात्र त्याचं कुटुंब मेनला यायचं. वडील एन. सी. वायेथ नावाजलेले कथाचित्रकार होते. मुलाला शाळेत न घालता त्यांनी स्वतःच्या स्टुडिओत घडवलं. १९३९ च्या उन्हाळ्यात बेट्सी जेम्स नावाच्या मुलीशी त्याची ओळख झाली. पहिल्याच भेटीत ती त्याला ओल्सन भावंडांच्या घरी घेऊन गेली. क्रिस्टिनाला ती लहानपणापासून ओळखत होती. पुढच्या वर्षी दोघांनी लग्न केलं. ओल्सनांचं घर मग त्याला कायमचंच उघडं झालं. वरच्या मजल्यावरच्या रिकाम्या खोलीत तो काम करायचा. खाली भाऊबहिणीचा संसार, वर त्याचे रंग. असं जवळजवळ तीस वर्षं चाललं. त्या घराची, घरातल्या वस्तूंची आणि माणसांची त्यानं शेकडो रेखाटनं, जलरंग आणि टेंपेरा (अंड्याच्या बलकात कालवलेल्या रंगांची) चित्रं केली.

मधे एक घटना घडली, ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ऑक्टोबर १९४५ मध्ये चॅड्स फोर्डजवळच्या रेल्वे फाटकावर वडिलांची मोटार रुळांवर अडकली आणि गाडीनं तिला धडक दिली. वडील गेले आणि बरोबर असलेला लहानगा नातूही गेला. वायेथ तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता. त्याआधीची त्याची जलरंगातली चित्रं झपाट्याची, पाणी खेळवणारी, ताजी असायची. १९३७ मधलं न्यूयॉर्कचं पहिलंच प्रदर्शन पूर्ण विकलं गेलं होतं ते त्याच बळावर. अपघातानंतर रंग उतरले, वेग उतरला. ‘विंटर १९४६’ या चित्रात एक मुलगा टेकडीच्या तपकिरी उतारावरून अडखळत खाली धावतो आहे. वडील ज्या ठिकाणी गेले, ती जागा त्या टेकडीच्या पलीकडे. उघडा उतार, वर टेकलेलं क्षितिज आणि त्यात एकटं माणूस, ही मांडणी तिथे पहिल्यांदा पक्की झाली. क्रिस्टिनाचं चित्र त्यानंतर दोन वर्षांनी आलं आहे, हे विसरून चालणार नाही. गवताळ उताराचं दुःख त्यानं तिच्याकडून उसनं घेतलेलं नव्हतं, ते त्याच्याकडे आधीच होतं.

आता प्रत्यक्ष प्रसंग. वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून वायेथला क्रिस्टिना शेतातून सरपटत येताना दिसली. एवढंच. तिच्यासाठी तो रोजचा दिवस होता.

या ठिकाणी त्यानं जे केलं त्यात चित्राचं अर्धं रहस्य आहे, असं मला वाटतं. त्यानं पाहिलं होतं वरून, घरातून, खिडकीच्या चौकटीतून. त्या नजरेनं चित्र काढलं असतं तर खाली गवतात एक छोटी, दीनवाणी आकृती दिसली असती, आणि बघणारा सुरक्षित जागी, छपराखाली. वायेथनं ती जागा सोडली. चित्रात आपण तिच्या मागे, तिच्याच पातळीवर, गवतात आहोत. ती जिकडे बघते तिकडेच आपणही बघतो. घर आता वर आहे, दूर आहे, आणि ज्या खिडकीत चित्रकार उभा होता ती तिथल्याच बारीक काळ्या चौकटींपैकी एक. पाहणाऱ्याची जागा अशी उलटवल्यावर दया दाखवायला वाव उरत नाही. दया दाखवायची तर समोरच्याचा चेहरा लागतो आणि तिचा चेहरा आपल्याला दिसतच नाही. आपल्या वाट्याला येतं तिच्यापुढचं अंतर.

यानंतरचे निर्णय एकामागोमाग एक असे घेतलेले दिसतात.

शरीर. हातांसाठी त्यानं क्रिस्टिनाच्याच हातांची पेन्सिलीनं रेखाटनं केली. धडासाठी मात्र तिला बसवायचा त्याला संकोच वाटला. मग बेट्सी बसली, ती तेव्हा सव्वीस वर्षांची होती. क्रिस्टिना पंचावन्नची. म्हणजे गुलाबी झग्यातली ही आकृती दोन बायकांची मिळून झाली आहे. पहिल्या नजरेला तरुण मुलगी दिसते आणि दुसऱ्या नजरेला हात खटकतात, त्याचं कारण हे. आपला डोळा चुकत नाही, चित्रातच दोन वयं आहेत.

झगा. रंग गुलाबी खरा, पण उडालेला. समुद्रकाठी पडून फिकट झालेल्या शेवंड्याच्या कवचासारखा, असं वायेथ स्वतः म्हणाला होता. बाकी सगळं चित्र पिवळसर, तपकिरी, करडं. एवढ्या मोठ्या फळीवर हा एकच रंग वेगळा बोलतो.

जागा. कुशिंगला जाऊन ते घर पाहिलेले लोक सांगतात की चित्रातल्यासारखं तिथे काहीच नाही. घर आणि कोठार यांच्यातलं अंतर वायेथनं वाढवलं, घराची जागा बदलली, आजूबाजूची झाडं काढून टाकली. समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही चित्रात पाण्याचा थेंब नाही. क्षितिज इतकं वर नेलं की आकाशाला जेमतेम एक पट्टी मिळाली. उरलेल्या सगळ्या जागेत गवत. तो सगळ्या गोष्टी जशा दिसल्या तशा टिपणारा चित्रकार होता, असं जे मानतात त्यांनी हा नकाशा एकदा डोळ्यांसमोर आणावा. एकेक पातं खरं आहे, पण सगळं मिळून जे शेत होतं ते या पृथ्वीवर कुठे सापडायचं नाही.

आणि तपशील. छपराला लावून ठेवलेली शिडी, दोरीवरचे कपडे, गाडीच्या चाकांनी पडलेल्या वाटेच्या रेघा, कोठारावरचे पक्षी. घराभोवतीचं गवत कापलेलं आहे, त्याचा रंग वेगळा आणि कड स्पष्ट. म्हणजे तिथे माणसांचा वावर आहे, कामं चालू आहेत, पण माणूस एकही दिसत नाही. मला या कापलेल्या गवताच्या कडेचं फार वाटतं. तिच्यापुढे आधी लांब, रानटी गवत आहे आणि पुष्कळ वर गेल्यावर मग सोपा भाग सुरू होतो. सरपटणाऱ्या माणसाला या दोन गवतांतला फरक तळहातांना कळतो. चालणाऱ्याच्या तो ध्यानातही येत नाही.

माध्यमाबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण स्वप्नाचा मोठा वाटा तिथे आहे. हे तैलचित्र नव्हे, अंड्यातल्या बलकाचा टेंपेरा आहे, आकार ८१.९ बाय १२१.३ सेंटिमीटर. वायेथनं हे तंत्र तिशीच्या दशकात आपल्या मेहुण्याकडून, पीटर हर्डकडून, उचललं. फळीवर आधी खडूची भुकटी आणि सरस यांचे थर चढवायचे आणि घासून हस्तिदंतासारखा गुळगुळीत पांढरा पृष्ठभाग तयार करायचा. बलक पांढऱ्यापासून अलगद वेगळा काढायचा, त्याची पातळ त्वचा टोचून आतला रस तेवढा घ्यायचा, पाणी घालायचं आणि कोरड्या रंगाच्या भुकटीत कालवायचं. एकदा कालवलेला रंग फार वेळ ठेवता येत नाही, लागेल तेवढाच करायचा. फळीवर लावला की तो बघता बघता वाळतो. तैलरंगात दोन रंग ओले असताना एकमेकांत मिसळता येतात, कडा विरवता येतात. टेंपेरात ते जमत नाही. छटा हवी असेल तर बारीक कुंचल्यानं रेघेशेजारी रेघ आणि थरावर थर द्यावा लागतो. आपल्या अजिंठ्याची भित्तिचित्रंही सुक्या गिलाव्यावर चिकट बंधकातून लावलेल्या रंगांचीच आहेत. बंधक वेगळा, जागा वेगळी, पण कोरड्या पृष्ठभागावर रेघेच्या भरवशावर आकार घडवायची शिस्त ओळखीची आहे.

तर असं रेघारेघांनी चालणारं माध्यम आणि विषय गवताचा. दोघांचं जमलं नसतं तरच नवल. १९४८ चा बराचसा उन्हाळा वायेथनं या शेतावर घालवला. गवत आधी, आकृती पुष्कळ नंतर.

आता स्वप्नाचा मुद्दा. चित्रकलेच्या वर्गात निसर्गचित्र शिकताना पहिल्याच वर्षी सांगतात की जवळचं ठळक, दूरचं पुसट, मधे हवा दिसली पाहिजे. डोंगर निळसर होत जातात, झाडांची पानं एकजीव होतात, आणि त्या पुसटपणामुळे चित्रात खोली येते. बहुतेक चित्रकारांना स्वप्नाळू काही करायचं असलं की ते हाच पुसटपणा वाढवतात. धुकं, विरलेल्या कडा, कोवळा उजेड. वायेथनं उलटं केलं. त्याच्या चित्रात हवा जवळजवळ नाहीच. पायाशी असलेलं पातं जितकं धारदार तितकीच दूरच्या घराच्या फळ्यांची रेघ धारदार. आपले डोळे प्रत्यक्षात असं कधीच बघत नाहीत. जवळचं बघताना दूरचं सुटतं आणि दूरचं बघताना जवळचं. दोन्ही एकाच वेळी, सारख्याच स्पष्टपणे, आवाजाशिवाय समोर आलं की मन बिचकतं. तीव्र तापात किंवा पहाटेच्या झोपेत कधी कधी असं दिसतं. मला वाटतं, या चित्राचं स्वप्नपण इथून येतं, नको इतक्या स्पष्टपणातून आणि त्याच्या जोडीला काय काय वगळलं त्यातून. बाईच्या सौंदर्यातून किंवा निसर्गाच्या हळवेपणातून ते आलेलं नाही. समीक्षक वायेथला अद्भुत वास्तववादाच्या, म्हणजे खऱ्याखुऱ्या गोष्टीच अनोख्या वाटाव्यात अशा चित्रांच्या, खात्यात टाकतात ते बहुधा याच कारणानं, पण खात्याचं नाव लिहून काम भागत नाही. ते कसं घडवलं हे फळीवर रेघ न् रेघ दाखवता येतं.

चित्र पुरं झालं आणि काही काळ मेनच्या घरीच टांगून होतं. येणाऱ्याजाणाऱ्यांनी फारसं लक्ष दिलं नाही, चित्र फसलं असं वायेथला वाटलं. नाव बेट्सीनं सुचवलं. त्याच वर्षी ते न्यूयॉर्कच्या मॅकबेथ गॅलरीत लागलं आणि १९४९ मध्ये म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं, म्हणजे मोमानं, १,८०० डॉलरना घेतलं. घेणारे आल्फ्रेड बार, त्या संग्रहालयाचे संस्थापक संचालक, आधुनिक कलेचे मोठे पुरस्कर्ते. पुढच्याच वर्षी त्या संग्रहालयानं अमूर्त चित्रकार जॅक्सन पोलॉकचं ‘नंबर १ए, १९४८’ घेतलं. एकाच सालची दोन अमेरिकन चित्रं. एकात रंग फेकून, ओघळवून केलेलं जाळं, दुसऱ्यात केसागणिक रेघा. कलाजगत पोलॉकच्या बाजूनं गेलं आणि लोक क्रिस्टिनाच्या. तिच्या छापील प्रती अमेरिकेत घरोघर, शाळा-कॉलेजांच्या वसतिगृहांत लागल्या. मोमात ते मुख्य दालनांऐवजी जाण्यायेण्याच्या वाटेवरच्या भिंतीवर पुष्कळ वर्षं राहिलं.

वायेथवर टीका कडक झाली. तो गोष्ट सांगणारा आहे, चित्रकार नाही. खेड्यातल्या दारिद्र्यावर हळवेपणाचा मुलामा चढवतो. बापासारखाच पुस्तकी चित्रं काढतो. यातली पहिली आणि तिसरी टीका मला गंभीर वाटत नाही. वर सांगितलेले निर्णय पाहिले की हा माणूस मांडणीचा किती कसून विचार करत होता ते दिसतं, आणि उभ्या-आडव्या पट्ट्यांचं त्याचं गणित कोणाही अमूर्त चित्रकाराच्या तोडीचं आहे. दुसरी टीका मात्र टाळता येत नाही, कारण ती थेट क्रिस्टिनाशी येऊन भिडते.

पंचावन्न वर्षांच्या आजारी बाईला सव्वीस वर्षांचं धड दिलं. तिचे केस, तिची मान, तिची पाठ तरुण झाली. हे तिला सुंदर करून खपवणं नव्हे का? आजार झाकणं नव्हे का? वायेथचं म्हणणं होतं की बहुतेकांना ज्यात काही आशा दिसणार नाही अशा आयुष्यावर तिनं जो विजय मिळवला, त्याला न्याय देणं हे त्याच्यापुढचं आव्हान होतं. हेतूबद्दल मला शंका नाही, पण हेतू चांगला असल्यानं प्रश्न संपत नाही. माझं मत असं की या एका चित्रापुरतं बोलायचं तर क्रिस्टिनाचं काही अंशी नुकसान झालंच. लाखो लोकांच्या मनात तिची जी प्रतिमा बसली ती तिच्या शरीराची नाही. कित्येकांनी तर ही प्रेमात पडलेली मुलगी आहे, कोणाची तरी वाट बघते आहे, अशा गोष्टी रचल्या. तिचा आजार, तिचा हट्टीपणा, खुर्ची नाकारण्यातला ताठा, यातलं काही त्यांच्यापर्यंत पोचलं नाही.

पण त्याच्या पलीकडेही पाहायला हवं. या चित्राच्या आदल्या वर्षी, १९४७ मध्ये, वायेथनं ‘क्रिस्टिना ओल्सन’ केलं होतं. त्यात ती दाराच्या उंबऱ्याशी उन्हात बसली आहे, बाजूनं दिसते, तिचाच चेहरा, तिचंच शरीर. १९५२ च्या ‘मिस ओल्सन’मध्ये तिनं मांजराचं पिल्लू छातीशी धरलं आहे. आणि १९६७ मध्ये, ती चौऱ्याहत्तरीची असताना, ‘ॲना क्रिस्टिना’. तिथे ती समोर बघते. सुरकुत्या, जाड झालेलं नाक, विस्कटलेले केस, आणि नजर अशी की बघणाऱ्यालाच डोळे वळवावेसे वाटतात. गवतातल्या चित्रात नाकारलेला चेहरा एकोणीस वर्षांनी त्यानं पूर्ण दिला. ही चित्रं शेजारी शेजारी लावली तर गुलाबी झग्यातल्या पाठमोरीवरचा आरोप बराच हलका होतो. दुर्दैव असं की जगभर छापली गेली ती एकटी पाठमोरी.

आपल्याकडचं एक उदाहरण इथे आठवतं. सावंतवाडीकडचे चित्रकार सावळाराम हळदणकर यांनी १९४५-४६ च्या सुमारास हातात समई धरलेल्या तरुणीचं ते प्रसिद्ध जलरंगचित्र केलं, जे म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. मॉडेल त्यांची स्वतःचीच मुलगी. वायेथचं चित्र आणि हे, दोन्ही जवळपास एकाच काळातली आणि दोन्हींत घरचं माणूस समोर बसवलेलं. हळदणकरांच्या चित्रात अंधारातला उजेड चेहऱ्यावर येऊन थांबतो आणि चित्र तिथे पूर्ण होतं. बघणाऱ्याला प्रसन्नता मिळते, प्रश्न पडत नाही. त्यात काही उणं आहे असं मी म्हणत नाही, पाण्याच्या रंगात असा उजेड धरणं ही थोर गोष्ट आहे. फरक एवढाच की त्या मुलीकडून चित्राला तिचं रूप हवं होतं आणि क्रिस्टिनाकडून तिचं आयुष्य. रूप उसनं देऊन माणूस मोकळा होतो. आयुष्य दिलं की चित्रकारावर जबाबदारी येते.

ती जबाबदारी वायेथनं प्रत्येक वेळी सारखीच सांभाळली असं नाही. १९७१ ते १९८५ या काळात त्यानं चॅड्स फोर्डमधल्या शेजारीण हेल्गा टेस्टॉर्फ यांची दोनशे चाळीसच्या आसपास रेखाटनं आणि चित्रं केली. झाडाला टेकलेली हेल्गा, बर्फातून चालणारी हेल्गा, झोपलेली हेल्गा. १९८६ मध्ये तो संग्रह विकला गेल्याचं बाहेर आलं तेव्हा मासिकांच्या मुखपृष्ठांपर्यंत गाजावाजा झाला आणि १९८७ मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत प्रदर्शन भरलं. कारागिरी उत्तम आहे. पण त्यातल्या पुष्कळ चित्रांत हेल्गा आणि झाड यांना एकाच नजरेनं पाहिलं आहे, पोत म्हणून, उजेड झेलणारी वस्तू म्हणून. क्रिस्टिनाच्या बाबतीत असं होऊ शकलं नाही. ती स्वतःच्या जागी होती, चित्रकार तिच्या घरी पाहुणा होता, आणि निसर्ग तिच्यासाठी देखावा नव्हता, काम होतं.

आजाराचं निदान फार उशिरा पुढे आलं. पोलिओ असावा असं बरीच वर्षं मानलं जायचं. २०१६ मध्ये मेरीलँड विद्यापीठातल्या परिषदेत मेयो क्लिनिकचे मेंदूविकारतज्ज्ञ मार्क पॅटरसन यांनी तिच्या लक्षणांचा माग काढून शार्को-मारी-टूथ हा आनुवंशिक मज्जातंतूंचा विकार असण्याची शक्यता जास्त असल्याचं मांडलं. या विकारात हातापायांच्या टोकांपासून स्नायू झिजत जातात. चित्राकडे परत जाऊन बघितलं तर वायेथनं काढलेले ते कृश हात आणि आखडलेली बोटं या निदानाशी जुळतात. धड त्यानं बदललं, पण हात बदलले नाहीत. आजाराची नोंद तिथे रेघारेघांनी राहिली आहे.

आल्वारो डिसेंबर १९६७ मध्ये गेला आणि क्रिस्टिना त्याच्यामागोमाग जानेवारी १९६८ मध्ये. घर आता फार्न्सवर्थ कलासंग्रहालयाकडे आहे, २०११ मध्ये त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. वायेथला २००९ मध्ये तिथल्याच कौटुंबिक दफनभूमीत, या भावंडांजवळ पुरलं.

एक गोष्ट राहिली. पुढे वायेथ म्हणायचा की आपण खरे चांगले चित्रकार असतो तर ते शेत क्रिस्टिनाशिवाय रंगवलं असतं आणि ती तिथे नसतानाही बघणाऱ्याला जाणवली असती. वायेथच्या मनात ही आस कायम होती आणि त्यानं ती पुरीही केली होती, फक्त दुसऱ्या चित्रांत. १९४७ चं ‘विंड फ्रॉम द सी’ म्हणजे त्याच घराच्या माळ्यावरची उघडी खिडकी आणि वाऱ्यानं आत फुगून आलेला विटका जाळीदार पडदा, बाकी काही नाही. १९६८ मध्ये, दोघंही गेल्यावर, त्यानं ‘आल्वारो अँड क्रिस्टिना’ नावाचं जलरंगचित्र केलं. नाव दोघांचं, चित्रात जुनी दारं आणि त्यांनी रोज हाताळलेल्या वस्तू. दोन्ही चित्रं अप्रतिम आहेत. तरी शेताच्या बाबतीत मला त्याचं म्हणणं पटत नाही. रिकामं शेत उदास झालं असतं, सुंदरही झालं असतं, पण पहिल्या नजरेतली मुलगी आणि दुसऱ्या नजरेतले हात यांच्यामध्ये बघणाऱ्याच्या मनात जी उलथापालथ होते ती झाली नसती. आपण तिला काय समजलो होतो हे आपल्याला कळतं ते ती तिथे आहे म्हणून.